रोजच्या वापरासाठी स्कूटर: पाच फूट उंची, भांडुपचा चढ आणि जेव्हीएलआर

चढावरची

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं फक्त वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

वय ४६, उंची पाच फूट (बरोब्बर पाच, वर एक दोराही नाही). राहायला भांडुप पश्चिमेला, टेंभीपाड्याच्या वरच्या अंगाला. ज्यांनी तो चढ पाहिलाय त्यांना जास्त सांगायला नको. ऑफिस अंधेरी पूर्वेला, सीप्झमध्ये. आजवर शेअर रिक्षाने स्टेशन, कांजूरमार्गपर्यंत ट्रेन आणि पुढे बस असा द्राविडी प्राणायाम चालायचा. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात सलग तीन दिवस कांजूरला पाऊण तास बसची वाट पाहिली आणि ठरवलं, बास. आता स्वतःची गाडी.

रोजचं जाऊन-येऊन साधारण वीस किलोमीटर. शनिवारी सासूबाईंना (वय ७१) मागे बसवून मुलुंडला फिजिओथेरपीला न्यायचं. कॉलेजात स्कूटी चालवायचे, पण त्याला आता पंचवीस वर्षं झाली. ह्यांचं मत, "ह्या वयात कशाला नसती दगदग". मुलगा म्हणतो इलेक्ट्रिक घे. भाऊ म्हणतो अॅक्टिव्हा घे, डोळे झाकून. मैत्रीण म्हणते १२५ सीसीच घे, ११० चढणार नाही.

डोळे झाकून काहीच घ्यायचं नाहीये, म्हणून इथे आले. बजेट एक लाख, फार तर एक लाख दहा.

दादर पूर्व

अॅक्टिव्हा. विषय संपला. :)

पवईचा मगर

ताई, तुमच्याच रस्त्यावर रोज असतो (मुलुंड ते साकीनाका, जेव्हीएलआर म्हणजे जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवरूनच), म्हणून आधी रस्त्याबद्दल सांगतो. गाडीचं नंतर बघू.

गांधीनगर जंक्शनपासून पवईपर्यंत मेट्रो ६ च्या कामाचे बॅरिकेड आहेत. त्यामुळे लेन कधी तीनाच्या दोन होतात, कधी दीड. खड्ड्यांपेक्षा वाईट म्हणजे खोदलेल्या जागी टाकलेल्या लोखंडी प्लेटा. पहिल्या पावसात एकदा तसल्या प्लेटेवर ब्रेक दाबला आणि गाडी माझ्या आधी पुढे गेली. मागच्या बसवाल्याने वेळेवर थांबवली म्हणून आज इथे लिहितोय. प्लेट दिसली की तिच्या आधी वेग कमी करायचा आणि प्लेटेवर असताना ब्रेक, वळण, अॅक्सिलरेटर काहीही करायचं नाही. तीच गोष्ट पेव्हर ब्लॉक आणि झेब्राच्या पांढऱ्या पट्ट्यांची.

आयआयटीसमोर सकाळी साडेआठ ते दहा जीव नकोसा होतो. आठला निघालात तर पंचवीस मिनिटं, पावणेनऊला निघालात तर कितीही.

लॅम्बीवाले काका

भांडुपचं नाव वाचलं आणि राहवलं नाही. विषयांतर वाटलं तर खुशाल पुढे जा.

तुमच्या भांडुपातच, एल.बी.एस. मार्गावर, ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाचा कारखाना होता. तिथे इटलीच्या लॅम्ब्रेटा स्कूटर बनायच्या. कंपनी १९४९ ची. पुढे लॅम्ब्रेटा नावाचा मामला लखनौच्या सरकारी कंपनीकडे गेला आणि आपल्याकडच्या गाडीचं झालं 'लॅम्बी'. माझी पहिली गाडी तीच. तेव्हा बजाज चेतकला नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबायचे. मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांना "स्कूटर बुक केलीय" असं सांगितलं की वजन पडायचं. नुसतं बुक केलीय हं, आलेली नाही.

चेतकला गिअर डाव्या मुठीत आणि इंजिन उजव्या कुशीत, त्यामुळे गाडी जरा एका अंगाला झुकल्यासारखी. रोज सकाळी सुरू करण्याआधी आडवी करून पेट्रोल कार्ब्युरेटरकडे सरकवायचं हा एक विधीच होता. मग १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली. बटण दाबलं की सुरू, गिअर नाहीत, क्लच नाही. आमच्या सौ. ने ती चालवायला घेतली त्या दिवशी अख्खी कॉलनी गॅलरीत उभी होती.

एवढंच सांगायचं होतं की सेहेचाळीस हे काही वय नाही. सौ. चाळीशीत शिकली होती.

विजेवर चालते

मुलाचं ऐका. इलेक्ट्रिकच.

हिशोब करून दाखवते. महिना २५ दिवस धरले तर ५०० किमी. पेट्रोलची गाडी मुंबईच्या रहदारीत लिटरला ४५ देते (कंपनीचा आकडा विसरा), म्हणजे अकरा लिटर. मुंबईत पेट्रोल शंभरच्या वर आहे, म्हणजे साडेअकराशे-बाराशे रुपये. माझी इलेक्ट्रिक ५०० किमीला साधारण अठरा युनिट खाते. युनिटला दहा रुपये धरले तरी १८० रुपये. महिन्याला हजार वाचतात. ऑइल नाही, बेल्ट नाही, प्लग नाही. आणि चढावर तर मजाच, मोटरचा जोर पहिल्या क्षणापासून मिळतो.

चढावरची

@विजेवर चालते, हिशोब पटला. पण चार्जिंग? आमची इमारत जुनी, तीन मजली, लिफ्ट नाही. खाली पार्किंग म्हणजे गटाराच्या कडेची मोकळी जागा. तिथे प्लग पॉइंट नाही. आम्ही दुसऱ्या मजल्यावर.

@लॅम्बीवाले काका, आमचे सासरे त्याच कारखान्यात होते हो! सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "त्यांना विचार, कुठल्या शिफ्टला."

लॅम्बीवाले काका

अहो नाही, मी नुसता गिऱ्हाईक. कारखान्यात नव्हतो. पण सासूबाईंना नमस्कार सांगा.

विजेवर चालते

बॅटरी काढता येणाऱ्या गाड्या आहेत. हिरोच्या विडामध्ये काढता येणाऱ्या बॅटऱ्या येतात, घरी नेऊन साध्या प्लगवर लावायच्या.

ग्रीसचे हात

आणि त्या एकेक दहा-अकरा किलोच्या असतात. ऑफिसहून दमून आलेली बाई एका हातात भाजी आणि दुसऱ्या हातात बॅटरी घेऊन दोन जिने चढणार? पंधरा दिवस करेल. मग शेजारच्या दुकानात वायर टाकून चार्ज करेल आणि तिथून खरा घोळ सुरू होईल. उघड्यावर, पावसात, एक्स्टेन्शन बोर्डावरून चार्जिंग कृपया कोणीही करू नका.

इलेक्ट्रिकच्या विरोधात नाही मी. खाली स्वतःच्या मीटरवरून पंधरा अँपियरचा, छप्पर असलेला, अर्थिंगचा पॉइंट असेल तर डोळे मिटून घ्या. नसेल तर आधी पॉइंट, मग गाडी. हा क्रम उलटा करणाऱ्यांच्या गाड्या सहा महिन्यांत विकायला येतात.

पंचवीस वर्षं गॅरेज आहे माझं, कुर्ल्याच्या बाजूला. ताईंसाठी जरा सविस्तर लिहितो.

सगळे तुम्हाला सीसी आणि मायलेज सांगतील. ते शेवटी बघायचं. आधी शोरूममध्ये जाऊन चार गोष्टी करा, त्याही रोज घालता त्याच चपला घालून.

गाडीवर बसा आणि दोन्ही पाय खाली टेकवा. फक्त अंगठे टेकले तर ती गाडी तुमची नाही. कागदावर सीटची उंची ७६५ मिमी असो की ७८०, सीट रुंद असेल तर पाय फाकतात आणि टेकत नाहीत. अरुंद सीटची उंच गाडीही टेकते. म्हणून आकडा वाचून उपयोग नाही, बसूनच बघायला लागतं.

मग उतरा आणि मेन स्टँडवर लावा. बहुतेक बायका इथे हरतात, आणि कारण ताकद नव्हे, पद्धत. गाडी हाताने उचलायची नसते. डाव्या बाजूला उभं राहा, डावा हात हँडलवर, उजवा मागच्या दांड्यावर. उजव्या पायाने स्टँडचा पत्रा खाली दाबा आणि थोडं हलवून स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला टेकलेत ना ते बघा. टेकले की सगळं अंगाचं वजन त्या पायावर टाका. गाडी आपोआप मागे चढते. हात फक्त तोल धरायला.

तिसरं, गाडी बंद करून मागे ढकला. शोरूमच्या फरशीवर नको, बाहेर जिथे थोडा चढ असेल तिथे. तुमच्या इमारतीखाली रोज हेच करायचंय. ९९ किलो आणि ११० किलो यातला फरक तुम्हाला चालवताना कळणार नाही, इथे कळेल.

आणि ट्रायल मागताना सांगा, "मला मागे माणूस बसवून चढावर न्यायचीय." नाही म्हणाले तर दुसरं दुकान.

सीसीचं म्हणाल तर ११० चढते. टेंभीपाड्याला हजारो ११० चढतात. फक्त मागे माणूस असला की आवाज करते आणि वेग घेत नाही. गिअरलेस गाडीत रोलर आणि बेल्ट मिळून गिअरचं काम करतात. चढावर बेल्ट जास्त घासतो, घसरतो. शनिवारच्या सासूबाई आणि रोजचा चढ धरला तर १२५ बरी. नुसतं ऑफिस असतं तर ११० म्हणालो असतो.

पवईचा मगर

ग्रीसचे हात, एक नंबर. चाकांचं पण लिहा की.

ग्रीसचे हात

लिहितो. पुढचं चाक १२ इंची हवं, हल्ली बहुतेकांना असतं. अॅक्टिव्हालाही आहे, पण मागचं १० इंची. टीव्हीएसच्या ज्युपिटरला दोन्ही १२. मोठं चाक खड्ड्यात कमी पडतं. मुंबईत हा फरक कमरेला जाणवतो, विशेषतः मागे बसणाऱ्याच्या. तुमच्या सासूबाई फिजिओथेरपीला जाताहेत म्हणून मुद्दाम सांगितलं.

दादर पूर्व

एवढं सगळं करून शेवटी सगळे अॅक्टिव्हाच घेतात. २००१ पासून उगाच खपत नाहीये.

ग्रीसचे हात

खपते कारण चांगली आहे. माझ्या बायकोकडे तीच आहे. पण माझी बायको पाच फूट पाच इंच आहे.

नुसता वाचक

एक महत्त्वाचं कोणी लिहिलं नाही. ताई, लायसन्स आहे का? "कॉलेजात चालवायचे" म्हणालात म्हणून विचारतो.

आणि खरेदीची घाई करू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ चा १८ टक्के होतोय. गाडीमागे सात-आठ हजार सहज वाचतील.

चढावरची

कपाट उघडून बघितलं. लायसन्स आहे. १९९९ चं. वीस वर्षांचं. म्हणजे २०१९ ला संपलं. मी सहा वर्षं ते पर्समध्ये ओळखपत्र म्हणून मिरवतेय. :(

नुसता वाचक

मुदत संपून वर्षाच्या वर झालं की नुसतं नूतनीकरण होत नाही, टेस्ट परत द्यावी लागते. घाबरू नका. शिकाऊ लायसन्सची परीक्षा आता आधार जोडून घरबसल्या ऑनलाइन देता येते. ते हातात आल्यावर ३० दिवसांनी पक्क्या लायसन्सची टेस्ट. तुम्हाला विदाउट गिअरचं चालेल. भांडुप वडाळा आरटीओत येतं, एमएच ०३. आज अर्ज केलात तर दिवाळी पाडव्याला गाडी आणि लायसन्स दोन्ही.

एजंटाकडे जाऊ नका असं म्हणणार नाही, पण गरज नाही.

गच्चीवरचा पाऊस

पावसाचं कोणीच बोललं नाही? मुंबईत स्कूटर घ्यायची आणि पावसाचं बोलायचं नाही?

माझी गोष्ट. दोन वर्षांपूर्वी मिलन सबवेजवळ. पुढची रिक्षा गेली म्हणून मीही घातली. मध्यभागी पाणी सीटच्या खालपर्यंत, गाडी बंद. मी काय केलं, तर बटण दाबलं. परत दाबलं. तिसऱ्यांदा 'कट्' असा आवाज आला आणि नंतर काहीच नाही. सोळा हजार रुपये. विम्याने हात वर केले, कारण इंजिन प्रोटेक्शन घेतलं नव्हतं.

ग्रीसचे हात

इंजिनात पाणी शिरलं की ते दाबलं जात नाही. हवा दाबली जाते, पाणी नाही. तुम्ही स्टार्टर मारला की पिस्टन पाण्यावर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी पाण्यात बंद पडली की हात बटणापासून लांब. ढकलत बाहेर काढा, मेकॅनिककडे न्या, एअर फिल्टर आणि प्लग उघडून पाणी काढलं की बहुतेक वेळा हजार-दीड हजारात सुटका होते.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पडला होता. पुढचे तीन आठवडे माझ्या गॅरेजबाहेर गाड्यांची रांग होती. ज्यांनी बटण मारलं नव्हतं त्यांच्या गाड्या एका दिवसात घरी गेल्या. ज्यांनी मारलं होतं त्यांची इंजिनं उघडली.

सोपा हिशोब: पाणी सायलेन्सरच्या तोंडाच्या वर दिसलं की आत जायचं नाही. रिक्षा गेली, ट्रक गेला, कोणीही गेलं तरी. आणि पाण्यातून बाहेर आलात की ब्रेक हलके दाबत दाबत चालवा, ड्रम ओले असले की धरत नाहीत. बेल्टच्या खोक्यात पाणी गेलं असेल तर अॅक्सिलरेटर पिळूनही गाडी ओढत नाही. तो बेल्ट घसरतोय, इंजिन बिघडलेलं नाही.

दादर पूर्व

हिंदमाता आणि गांधी मार्केटवाल्यांनी हा प्रतिसाद छापून भिंतीला लावावा.

कोपऱ्यावरचा सिग्नल

दुचाकीवाल्यांनो, एक दुखणं आहे. सी-लिंकवर दुचाकीला बंदी. कोस्टल रोडवर बंदी. अटल सेतूवर बंदी. फ्रीवेवर बंदी. जेजे फ्लायओव्हरवर बंदी. मोहम्मद अली रोडवरून घाम पुसत जाताना डोक्यावरून चारचाकी भुर्रकन जातात. टॅक्स आम्हीही भरतो की!

पवईचा मगर

भावना पोचल्या. पण जेजे फ्लायओव्हरच्या वळणांवर पोरांनी गाड्या भरधाव पळवून जे अपघात केले ते आठवा आणि मग बोला. ताईंच्या रस्त्यावर यातलं काहीच येत नाही, त्यामुळे हा वाद वेगळ्या धाग्यावर.

चढावरची

अपडेट. काल, म्हणजे २२ नंतरच्या पहिल्या रविवारी, ह्यांना घेऊन तीन शोरूम फिरले. चपला रोजच्याच.

पहिल्या ठिकाणी मेन स्टँड एका झटक्यात जमलं. सेल्समन बघत राहिला. त्याला सांगितलं, "अंगाचं वजन." ह्यांना मात्र जमलं नाही. त्यावर मी काही बोलले नाही.

एका ११० वर दोन्ही पाय नीट टेकले, पण ह्यांना मागे बसवून चढावर नेली तर बिचारी कण्हत होती. (हे ७८ किलो. सासूबाई ५२. पण परीक्षा कडक घेतली.) दुसरी १२५ दिसायला भारी, पण सीट इतकी ऐसपैस की मी त्यावर पाळण्यातल्या बाळासारखी, पाय हवेत. तिसरी यामाहाची फॅसिनो १२५. वजन ९९ किलो. सीट कागदावर उंच, पण पुढे अरुंद, त्यामुळे चवडे पूर्ण टेकतात आणि एक टाच. मागे ढकलताना तर फरक लगेच कळला. ग्रीसचे हात, तुमचं शंभर टक्के खरं.

उणं काय, तर डिकी २१ लिटरचीच, आणि मागचं चाक १० इंची.

एका दुकानात कोटेशनमध्ये "हँडलिंग आणि लॉजिस्टिक" म्हणून २,८०० रुपये आणि "अॅक्सेसरी किट, सक्तीचं" म्हणून ४,५००. हे बरोबर आहे का?

नुसता वाचक

हँडलिंग चार्ज नावाची कुठलीही सरकारी रक्कम नसते. खर्च म्हणजे एक्स-शोरूम किंमत, रोड टॅक्स, नोंदणी आणि विमा. साडी गार्ड आणि मागच्याला धरायचा दांडा नियमानेच लागतात, त्यामुळे ते "किट"मध्ये वेगळे विकत असतील तर विचारा. मॅट, सीट कव्हर, क्रोमचे तुकडे नको असतील तर नको म्हणा. लेखी मागा, "ही रक्कम कोणत्या नियमाखाली?" बहुतेकदा कागद समोर सरकवला की रक्कम गळून पडते.

विमाही त्यांच्याकडूनच घ्यायची सक्ती नाही. नव्या दुचाकीला थर्ड पार्टी पाच वर्षांचा एकदम घ्यावाच लागतो, २०१८ पासून. स्वतःच्या नुकसानीचा भाग दरवर्षी बदलता येतो. त्यात झिरो डेप्रिसिएशन (बदललेल्या भागांची घसारा न कापता भरपाई) आणि इंजिन प्रोटेक्शन टाका. सोळा हजारांची गोष्ट वर वाचलीच आहे.

विजेवर चालते

हरले. पण पुढची गाडी इलेक्ट्रिक घ्या. आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये आत्तापासून चार्जिंग पॉइंटचा विषय काढा, तो मंजूर व्हायला तेवढाच वेळ लागतो.

लॅम्बीवाले काका

हेल्मेट दोन घ्या. सासूबाईंनाही. मागे बसणाऱ्यालाही सक्ती आहे, आणि पोलिसांसाठी नव्हे. आयएसआय बघून. रस्त्याकडेच्या अडीचशेच्या टोपल्या नकोत. आणि ओढणी, पदर खोचून. हे मी दोनदा डोळ्यांनी पाहिलंय, त्याहून जास्त लिहीत नाही.

चढावरची

मंडळी, पाडव्याला गाडी आली. एमएच ०३. फॅसिनोच. हँडलिंगचे २,८०० "सिस्टीममध्ये चुकून आले होते" म्हणे. किटमधला साडी गार्ड ठेवला, बाकी परत.

लायसन्सच्या टेस्टला माझ्या पुढे अठरा वर्षांची पोरं होती. आठाचा आकडा काढताना त्यातल्या दोघांनी पाय टेकले. मी नाही टेकला. साहेब म्हणाले, "मावशी, आधी चालवत होता वाटतं." पंचवीस वर्षांनी कोणीतरी कौतुक केलं, मावशीसकट गोड मानून घेतलं.

पहिला आठवडा ऑफिसला नेलीच नाही. रोज सकाळी साडेसहाला खाली उतरून चढ वर-खाली, वर-खाली. उतरताना दोन्ही ब्रेक थोडे थोडे, असं ग्रीसचे हात यांनी निरोपात सांगितलं होतं, तसंच करते. मग सोमवारी जेव्हीएलआर. आठला निघाले, सव्वीस मिनिटं. मगर, तुमच्या लोखंडी प्लेटा मोजल्या. अकरा.

शनिवारी सासूबाई मागे बसल्या. हेल्मेट घालायला आधी तयार नव्हत्या, अंबाडा मोडतो म्हणून. मग अंबाडा खाली, मानेवर बांधला. एल.बी.एस. मार्गावर एका ठिकाणी मागून खांद्यावर थाप मारून म्हणाल्या, "थांब जरा." मला वाटलं कंबर दुखली. घाईने कडेला घेतली. त्या एका मोठ्या इमारतीच्या गेटकडे बोट दाखवून म्हणाल्या, "इथंच कुठंतरी होता बघ कारखाना. दुसऱ्या शिफ्टला असायचे. मी डबा घेऊन चालत यायचे."

दोन मिनिटं उभ्या राहिलो. मागून बस हॉर्न मारायला लागली, मग निघालो.

लॅम्बीवाले काका

दुसरी शिफ्ट. बरं झालं, कळलं.

दादर पूर्व

अभिनंदन ताई. पेढे? (आणि मायलेज किती देतेय?)